उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ही म्हण वर्गात सांगितली की हल्ली पहिला प्रश्न येतो, "मॅडम, उकिरडा म्हणजे?" आणि लगेच दुसरा, "पांग म्हणजे?" मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरामागे गोठा नाही, परसू नाही, त्याने उकिरडा पाहावा तरी कुठे? पूर्वी मी फळ्यावर चित्र काढून समजावीत असे. आता काम सोपे झाले आहे. मी सांगते, मेट्रोत बसा आणि वनाज स्टेशनला उतरा.

पौड रस्त्याचे ते टोक जुन्या कोथरूडकरांनी पाहिले आहे. पाहिले कशाला, हुंगले आहे. तिथे गावाचा कचरा डेपो होता. पावसाळ्यात वारा फिरला की अलीकडच्या वस्तीतल्या बायका खिडक्या लावून घेत, आणि घरी पाहुणा आलेला असला तर यजमानाला उगीचच ओशाळे व्हायला होई. पुढे डेपो बंद झाला, जागा पडून राहिली, आणि अखेर तिच्यावर मेट्रोचे आगार उभे राहिले. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय अशी पहिली गाडी लोकांसाठी सुरू झाली. जिथे एके काळी घारी आणि कुत्री यांचे राज्य होते, तिथे आता चकचकीत डबे रात्रीच्या मुक्कामाला येतात. पांग फिटले म्हणतात ते याला!

पण म्हण अर्धीच खरी आहे. पांग फिटले ते जागेचे. उकिरडा स्वतः काही नाहीसा होत नाही, तो फक्त बिऱ्हाड हलवतो. कोथरूडचा डेपो मिटला, आणि शहराच्या अगदी दुसऱ्या अंगाला, सासवड रस्त्यावर, उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवेवरचा डेपो फुगत गेला. माझ्या विळीखालची भाजीची देठे आणि मुलाने कोपऱ्यात फेकलेली खाऊची पाकिटे घरातून निघाल्यावर कोणत्या वाटेने कुठवर जातात, हे एकदा डोळ्यांनी पाहावे असे माझ्या मनात आले आणि यंदाच्या मेच्या सुट्टीत मी तो प्रवास केला. शेजारची मंडळी महाबळेश्वरला गेली, समोरची केरळला गेली. मी कचऱ्याबरोबर गेले. अंतर म्हणाल तर जेमतेम पंचवीस किलोमीटर. पण इतका लांबचा प्रवास मी पूर्वी केलेला नाही.

निमित्त होते आमच्या सोसायटीच्या सभेचे. गेली कित्येक वर्षे आमचा कचरा दोन बायका दारातून गोळा करतात. दोघींनाही आम्ही मावशी म्हणतो. एक थोरल्या मावशी, एक धाकट्या. त्यांच्याऐवजी एका ठेकेदाराचा टेम्पो लावावा, असा प्रस्ताव कमिटीपुढे आला होता. टेम्पो सकाळी आठला फाटकापाशी येणार, प्रत्येकाने आपली एक पिशवी खाली नेऊन ठेवायची, ओले-सुके वेगळे करण्याची कटकट नाही, आणि पैसेही आजच्यापेक्षा कमी. कागदावर सारे झकास दिसत होते. जूनच्या पहिल्या रविवारी मतदान व्हायचे होते. मत द्यायचे तर पाहून द्यावे, एवढाच माझा विचार. थोरल्या मावशींना विचारले तर त्या म्हणाल्या, "या की ताई. पण चपला जुन्या घाला."

ही 'वेगळे करण्याची कटकट' आपल्याला नवी वाटते, याची मला मोठी गंमत वाटते. माझ्या आजीच्या घरी कचऱ्याचे किती प्रकार होते, ते मोजले तर महापालिकेचा अधिकारीही चाट पडेल. केर वेगळा, राख वेगळी. राखेने भांडी घासायची. खरकटे गाईच्या पाटीत, निर्माल्य तुळशीच्या किंवा आंब्याच्या बुंध्याशी. ते केरात टाकले तर आजीचा आवाज चढे. नारळाच्या शेंड्या बंबात. चिंध्या गाठोड्यात, गोधडीसाठी. जरा धड असलेले कपडे बोहारणीसाठी राखून ठेवलेले, आणि त्या बोहारणीशी एका पातेल्यावरून तासभर चाललेली ती घासाघीस! रद्दी वाण्याकडे, पुड्या बांधायला. पुडीचा दोराही रिळाला गुंडाळून ठेवलेला. एवढे सगळे झाल्यावर जे उरे ते उकिरड्यावर जाई, आणि वर्षाकाठी उकिरड्याचे खत शेतात. मराठीत कचऱ्याला एक शब्द नव्हता, कारण सगळा कचरा एक नव्हता. केर, गाळ, खरकटे, उष्टे, निर्माल्य, रद्दी, भंगार, चिंध्या असा प्रत्येकाला आपला शब्द आणि आपली वाट होती. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो, ते काही उगीच नाही. सारे एका डब्यात कोंबून त्याला सरसकट 'कचरा' म्हणायला आपण शिकलो ते घरात प्लास्टिकची पिशवी आल्यावर.

अर्थात त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. आजीच्या घरची खरकटी आणि उकिरडा यांची व्यवस्था छान होती. पण गावातली मेलेली जनावरे आणि शहरातला मैला कोणी उचलायचा हे जातीने ठरवून टाकले होते, आणि त्यात छान असे काही नव्हते. दिवसा गाव झाडून रात्री कीर्तनाला उभे राहणाऱ्या गाडगेबाबांना आपण हार घातले, खराटा मात्र ज्यांच्या हातात होता त्यांच्याच हातात राहू दिला.

कायद्याला जाग यायला उशीर लागला. अलमित्रा पटेल या बाईंनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तिच्या पाठपुराव्यातून २००० सालचे शहरी घनकचऱ्याचे नियम निघाले. मग एप्रिल २०१६ मध्ये नवे नियम आले आणि त्यांनी प्रथमच घरात शिरून सांगितले की, ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग तुमच्या उंबऱ्याच्या आतच झाले पाहिजेत. उचलण्याचे शुल्क तुम्ही दिले पाहिजे. आणि कचरा वेचणाऱ्या माणसांना नगरपालिकांनी व्यवस्थेत सामावून घेतले पाहिजे. पॅड आणि डायपर गुंडाळायला उत्पादकाने पाकीट द्यावे असेही त्यात लिहिले होते. आमच्या घरी असे पाकीट कधी आले नाही. पुणे महापालिकेने याआधीपासूनच गांडूळखत करणाऱ्यांना मिळकतकरात सूट देऊ केली होती. सूट मिळेपर्यंत पुष्कळ सोसायट्यांची गांडुळे जिवंत असतात, पुढचे मी बोलत नाही.

पण पुण्याची खरी गोष्ट नियमांच्या आधी सुरू होते, आणि ती नियम करणाऱ्यांनी सुरू केलेली नाही. ती मला थोरल्या मावशींनी त्यांच्या ढकलगाडीमागून चालताना सांगितली.

मावशींचे आईवडील बीडकडचे. १९७२च्या दुष्काळात ते पुण्याला आले, तेव्हा मावशी आईच्या कडेवर होत्या. आईला काम मिळाले नाही; मग ती पाठीवर पोते टाकून कचराकुंड्या धुंडाळू लागली. कागद, काच, पत्रा जे मिळेल ते. कुंडीत वाकले की कुत्री अंगावर येत, आणि कुंडीतून वर आले की पोलीस. परिसरात चोरी झाली की पहिली झडती या बायकांच्या पोत्याची. पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या काही जणी या बायकांना अक्षरे शिकवायला आल्या आणि त्यांच्या लक्षात आले की, अक्षरांआधी दुसरेच काहीतरी हवे आहे. हमाल पंचायत बांधणाऱ्या डॉ. बाबा आढावांचा आधार मिळाला, आणि मे १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. युनियनची इतकी सरळ, इतकी मराठी नावे फार थोडी असतील. पुढे दोन-तीन वर्षांत त्यांना महापालिकेचा शिक्का असलेली ओळखपत्रे मिळाली. मावशींनी आईचे ते कार्ड अजून जपून ठेवले आहे. मला दाखवताना त्यांनी ते आधी पदराला पुसले.

"ह्या कारडानं काय झालं सांगू ताई? पोलिसानं हटकलं की आई काही बोलायची नाही. नुसतं कारड धरायची पुढं. वाचता येत नव्हतं तिला, पण धरायची सुलटं."

त्या बायकांच्या श्रमाचा हिशेबही मांडला गेला. २००१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी झालेल्या अभ्यासाने दाखवले की, ज्या मालासाठी त्यांना चोर म्हटले जात होते तो उचलून त्या महापालिकेचा वाहतुकीचा खर्च फुकटात वाचवीत होत्या. २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. करार असा की, दारोदार जाऊन कचरा त्यांनी घ्यावा, घरांनी महिन्याचे शुल्क थेट त्यांना द्यावे, आणि सुक्या कचऱ्यातले जे विकण्याजोगे असेल ते विकण्याचा हक्क त्यांचा. कुंडीतून दारापर्यंत! डोक्यावरचे ओझे ढकलगाडीवर आले, हे झालेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे माल भिजण्याआधी हातात येऊ लागला. कुंडीत भिजलेला कागद आणि दारात घेतलेला कोरडा कागद यांच्या भावात मावशींच्या मुलाची शाळेची फी बसते.

सकाळी सातला आम्ही निघालो. दोघी मिळून दोनेकशे घरे करतात. मी उत्तरपत्रिका तपासते तशा त्या बादल्या तपासतात. एक नजर, आणि निकाल तयार. कोणाच्या घरी पाहुणे आहेत, कोण आजारी आहे, कोणी स्वयंपाक सोडून डब्यावर दिवस काढले आहेत, त्यांना सगळे ठाऊक. पण एका घरची गोष्ट त्या दुसऱ्या घरात सांगत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारातून एकच काळी पिशवी बाहेर आली. मावशींनी ती तिथेच सोडली. आत वरणभात, मोबाइलची जुनी बॅटरी, वर्तमानपत्रे आणि एक फुटलेला काचेचा पेला होता. पेला नुसताच. "हे बघा," त्या मला म्हणाल्या आणि हाताचा तळवा पुढे केला. त्यावर रेघा इतक्या होत्या की ज्योतिषी गोंधळला असता.

आणि मग तो विषय, ज्याबद्दल दिवाळी अंकात लिहावे की नाही असा मी क्षणभर विचार केला आणि मग म्हटले, बायकाच वाचणार आहेत आणि पुरुषांनी तर जरूर वाचावा. वापरलेले पॅड आणि मुलांचे डायपर ओल्यातही बसत नाहीत आणि सुक्यातही नाहीत. पूर्वी ते तसेच उघडे बादलीत येत आणि हातांनी वेगळे काढावे लागत. २०१३ साली या बायकांनी एक नामी गोष्ट केली. पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना त्यांनी तोच माल पोत्यांत भरून परत पाठवला, म्हणजे तुम्ही विकता, आम्ही उचलतो, मग पाकीट तरी द्या. त्यानंतर काही वर्षांनी 'लाल ठिपक्या'ची मोहीम निघाली. वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि वर लाल शाईचा ठिपका काढायचा, म्हणजे उघडून पाहण्याची पाळी येत नाही. आमच्या इमारतीतल्या चाळीस घरांपैकी त्या दिवशी सात पुड्यांवर ठिपका होता. "लोकांना लाल पेन सापडत नाही," धाकट्या मावशी म्हणाल्या. कुंकू तर घरोघरी आहे, असे त्या पुढे पुटपुटल्या आणि हसल्या.

दहा वाजता आम्ही निवडणीच्या शेडवर पोचलो. रस्त्याच्या कडेला चार खांब आणि वर पत्रे. मेच्या उन्हात पत्रे असे तापलेले की, खाली बसणे म्हणजे भाकरीसारखे भाजणे. इथे सुका कचरा पसरला जातो आणि त्याचे दहा-पंधरा ढीग होतात. वर्तमानपत्र वेगळे, वहीचा पांढरा कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा. दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, त्यांची झाकणे, कडक प्लास्टिक, मऊ प्लास्टिक. पत्रा, ॲल्युमिनियम, काच. प्लास्टिकच्या जाती मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मावशी पिशवी हातात चुरगाळतात आणि आवाजावरून जात सांगतात. मी डोळे मिटून ऐकून पाहिले. मला दोनही आवाज सारखेच वाटले. मात्रावृत्ते शिकवणाऱ्या माणसाचा कान, आणि त्याला हे कळू नये!

शेवटी जो ढीग उरला तो पाहून मला आमच्या चिरंजीवांची आठवण झाली. वेफर्स, शेव, बिस्किटे यांची ती चकाकती पाकिटे. आत ॲल्युमिनियमचा पापुद्रा, बाहेर प्लास्टिक, दोन्ही एकमेकांना असे चिकटलेले की सोडवणे परवडत नाही. म्हणून बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. दिसायला सगळ्यात झगझगीत आणि मोल शून्य.

भंगाराच्या दुकानात भाव विचारले तेव्हा कळले की, हे दुकान कोथरूडात असले तरी त्याचा काटा आखातात हलतो. खनिज तेल स्वस्त झाले की नवे प्लास्टिक स्वस्त होते. मग जुने कोण घेणार? मावशींच्या बाटल्यांचा भाव अशा वेळी एका रात्रीत कोसळतो, आणि त्यांना कारण ठाऊक नसते. २०२०च्या टाळेबंदीत आपण गच्चीत उभे राहून थाळ्या वाजवीत होतो तेव्हा या बायका दारोदार येतच होत्या. पण भंगाराची दुकाने बंद, म्हणजे निम्मी कमाई बंद. त्याच वर्षअखेरीस महापालिकेशी असलेला करारही संपला आणि पुढे बराच काळ नुसत्या मुदतवाढींवर चालले. कुणीतरी मोठा ठेकेदार येणार अशा बातम्या रोज. त्या दिवसांविषयी मावशी फारसे बोलल्या नाहीत. "मोर्च्याला गेलो होतो," एवढेच म्हणाल्या.

इथपर्यंतचा प्रवास सुक्याचा. ओला कचरा छोट्या गाडीतून रॅम्पवर जातो. रॅम्प म्हणजे उंचवटा. छोट्या गाड्या वर चढतात आणि खाली उभ्या असलेल्या मोठ्या गाडीत ओततात. जो ओला कचरा निखळ येतो तो खत किंवा बायोगॅस करायला धाडता येतो. मिसळलेला आला तर दाबयंत्राची गाडी तो करकचून दाबते. तिथे मी पाचेक मिनिटे उभी होते. वरणभात आणि वर्तमानपत्र एकदा असे दाबले गेले की, त्यातून ना खत होते ना कागद. फाटकापाशी उभ्या राहणाऱ्या त्या स्वस्त टेम्पोतली 'एक पिशवी' शेवटी इथे येते, आणि इथून तिला एकच रस्ता मोकळा असतो.

त्या रस्त्याने मी दुसऱ्या दिवशी गेले. हडपसर ओलांडले की सासवडचा फाटा लागतो. हा रस्ता कोणाला ठाऊक नाही? आषाढात माउलींची पालखी पुण्याहून निघाली की याच वाटेने उरुळी देवाची, वडकी करीत दिवे घाट चढते. वारकऱ्यांच्या मुखी नाम, आणि डाव्या-उजव्या हाताला जो काही वास असेल तो! दीडशे एकरांहून मोठा डेपो आहे. बाहेरून पाहिले तर वाटते, सह्याद्रीचाच एखादा सुटा डोंगर असावा. काही भागावर माती टाकून गवत उगवलेले आहे. उघड्यावर वर्षानुवर्षे टाकलेले जुने ढीग उकरून, चाळून, त्यातली माती, दगड आणि प्लास्टिक वेगळे करण्याचे काम काही वर्षांपासून सुरू झाले. म्हणजे जे काम घरात दोन मिनिटांचे होते ते इथे वीस-तीस वर्षांनी यंत्रे लावून करायचे.

फुरसुंगीच्या बाजूला चहाच्या टपरीवर एक म्हातारेबुवा बसले होते. धोतर, टोपी, पायांत करकरणारे जोडे. मी कुठून आले ते विचारले. कोथरूड म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

"म्हंजे आमच्या घरचंच म्हणायचं. तुमच्या घरचं सगळं आमच्याकडं येतं."

त्यांची विहीर आहे, पाणीही आहे. पण ते जनावरसुद्धा तोंडाला लावीत नाही. वर्षानुवर्षे टँकरवर काढली. मुलाच्या लग्नाला स्थळे येत, पाहुणे गाडीतून उतरत, नाकाला रुमाल लावत आणि "कळवतो" म्हणून जात. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, धूर गावात शिरला, तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. तीन आठवडे शहराचा कचरा शहरातच राहिला. तेव्हा मात्र आपल्याकडे मोठा आरडाओरडा झाला, तो मला चांगला आठवतो. आमच्या कोपऱ्यावरच्या ढिगाचे फोटो सगळ्यांनी काढले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात ही दोन्ही गावे महापालिकेत घेतली गेली. २०२४ मध्ये ती बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. "आम्ही आत गेलो, बाहेर आलो," बुवा म्हणाले, "डोंगर हाय तितंच हाय."

मी त्यांना आमच्या मावशींविषयी सांगितले, लाल ठिपक्याविषयी सांगितले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, "किती घरं करतात असं?" मला उत्तर देता आले नाही. चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत.

सभा ठरल्याप्रमाणे झाली. ठेकेदाराच्या बाजूने बोलणारे काही दुष्ट लोक नव्हते, हे सांगितले पाहिजे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना खरोखरच डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना ओले-सुके निवडणे अवघड जाते. एका जोडप्याला सकाळी सातला दार उघडणे जमत नाही. आणि चाळीस घरांच्या सोसायटीला पैशाचा हिशेब करावाच लागतो. मी जे पाहिले ते सांगितले. दहा मिनिटे बोलले, शिकवण्याची सवय आहे म्हणून कदाचित पंधरा. रॅम्पचे सांगितले तेव्हा लोक गप्प होते. फुरसुंगीचे सांगितले तेव्हा कुणीतरी म्हणाले, "ते सरकारने बघायला पाहिजे." तेही खरेच आहे. शेवटी हात वर झाले. मावशींच्या बाजूने एकवीस, टेम्पोच्या बाजूने चौदा, बाकीचे आले नव्हते. मुदत एक वर्षाची. पुढच्या जूनला पुन्हा विषय निघेल. आजोबांची बादली निवडून देण्याचे काम समोरच्या घरातल्या कॉलेजकुमाराने पत्करले आहे. किती दिवस टिकते ते बघायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. मावशींना निकाल आधीच कळला होता. अशा गोष्टी जिन्यातून आपोआप खाली जातात. त्यांनी बादली घेतली, सवयीप्रमाणे आत नजर टाकली आणि परत दिली. मी वाट पाहत होते की काहीतरी म्हणतील.

"एक वर्ष, ना?" त्यांनी विचारले.

"हो. सध्या एक वर्ष."

"बरं. मग तिसऱ्या मजल्यावरच्यांना तेवढं सांगा ताई, काच कागदात गुंडाळून देत जावा," म्हणून त्या वरच्या जिन्याला लागल्या.